शुक्रवारची मोजणी

"ह्या बाजूचे लोक सायकल चालवत नाहीत हो. ढकलतात," काका म्हणाले, आणि सगळे हसले.

सगळे म्हणजे आमच्या आराखडे काढणाऱ्या ऑफिसचे सर, ट्रॅकच्या खात्याचे इंजिनीअर आणि काका स्वतः. काका शेजारच्या टॉवरवाल्या कॉम्प्लेक्समधल्या सायकल क्लबचे अध्यक्ष. माझे ते कोणी काका नव्हेत. क्लबात सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून आमच्या ऑफिसनेही त्यांना काका करून टाकलं होतं. मी दोन पावलं मागे, पॅड आणि पेन घेऊन उभी होते. मी हसले नाही. पण मी हसले नाही हे कोणाच्या लक्षात येईल असंही काही केलं नाही. मान खाली घालून लिहीत असल्यासारखं केलं.

आमच्या समोर भिंत होती. खांबांच्या खाचांत सिमेंटच्या आडव्या पट्ट्या सरकवून करतात तसली. भिंतीच्या अलीकडे सायकल ट्रॅक, पलीकडे एक गटार आणि गटाराला लागून आमच्या चाळी. 'आमच्या' हा शब्द त्या दिवशी माझ्या मनातच राहिला. दोन खांबांमधल्या सगळ्या पट्ट्या वस्तीतल्या कोणीतरी कधीच काढून टाकल्या होत्या आणि गटारावर एक जुनं दार आडवं घातलं होतं. दाराची कडी अजून जागेवर होती. या वाटेला वस्तीत सगळे फट म्हणत. सरांच्या नकाशावर तिचं नाव 'अनधिकृत ओपनिंग' असं होतं.

"तरीपण काउंट घ्यावा लागेल," सर म्हणाले. "रिपोर्टला आकडा लागतो. एक नॉर्मल दिवस धरू. रविवार नको, रविवारी तुमचा क्लब असतो, आकडे फुगतील." मग ते माझ्याकडे वळले. "तू इथलीच ना, अंबरनाथ ईस्टची? कुठला वार बरा?"

"शुक्रवार," मी म्हणाले.

ऑफिसात मी इतक्या पटकन कधीच बोलत नाही. सरांना बरं वाटलं असावं. "व्हेरी गुड," ते म्हणाले.

शेजारच्या शहरातल्या कॅम्प पाच वस्तीपासून अंबरनाथपर्यंत आमच्या भागात कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लग्नाची बोलणी, दाताचा डॉक्टर, गावदेवीचा नारळ, सगळं शुक्रवारी. पण सर पुण्याहून आलेले. त्यांच्या लेखी जगात एकच रविवार होता आणि बाकीचे दिवस कामाचे. इंजिनीअर साहेबांची नोकरी इथेच झालेली, त्यांना नक्की माहीत होतं. पण ते तेव्हा फोनवर कोणाच्या तरी वाढदिवसाला केकचं चित्र पाठवत होते. राहिले मी. मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी शुक्रवार म्हणाले. कारण शनिवारपासून गुरुवारपर्यंत रोज सकाळी त्या फटीतून सायकल ढकलत जी बाई ये-जा करते ती माझी आई आहे, आणि शुक्रवारी ती घरी बसून डोक्याला तेल लावते.

आई धागे कापायचं काम करते. जीन्स शिवून झाली की शिलाईच्या टोकांना दोरे लोंबत राहतात, ते छोट्या कात्रीने कापून पँट साफ करायची. कॅम्प पाचमधल्या एका सिंधी सेठच्या कारखान्यातून गठ्ठे आणायचे, सेठच्या आईला 'अदी' म्हणजे ताई म्हणायचं, दुसऱ्या दिवशी साफ करून नेऊन द्यायचे. घरात आम्ही दोघीच, आणि तिसरी जीन्स. आमच्या चादरींवर, भातात, माझ्या ऑफिसच्या ओढणीवर निळा दोरा सापडतो. ऑफिसला जायच्या आधी मी अंगावरचे दोरे निवडते, हे माझं रोजचं देवपूजेसारखं काम आहे.

तिची सायकल म्हणजे दोन चाकांची हातगाडी. भंगारातून घेतलेली, जड, घंटी नसलेली. हँडलला दोन गठ्ठे, सीटवर एक, कॅरिअरवर एक. त्याच कापडाच्या चिंध्यांनी बांधलेले. तिने ती कधी चालवली नाही. चालवायची कुठे, बसायला जागाच नसते. तेव्हा काका जे बोलले ते अक्षरशः खरं होतं. खऱ्या गोष्टीवर इतक्या खोट्या तोंडाने हसता येतं हे मी त्या दिवशी पाहिलं.

ट्रॅक व्हायच्या आधी तिथे जुन्या पाइपलाइनवरची उजाड पट्टी होती. पायवाट होती, बाभळी होत्या, कुत्री होती. चाळीतून निघालं की त्या पट्टीने सरळ कॅम्पाच्या रस्त्यापर्यंत. मग कोणाला तरी शहराला फुप्फुसं हवीत असं वाटलं. तांबडा रंग आला, सौर दिवे आले, बसायला सिमेंटची मशरूमं आली, आणि एका टोकाला मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'मला हे शहर आवडतं' अशा अर्थाचं काहीतरी आलं. आवडतं या शब्दाच्या जागी बदाम. आमच्या बाजूने भिंत आली. दरवाजे दोन: एक कॉम्प्लेक्ससमोर, दुसरा कॅम्पाच्या रस्त्यावर. आमच्या चाळींना एकही नाही. कोणी विसरलं असं मला वाटत नाही. विसरायला आधी आठवण असावी लागते.

रस्त्याकडच्या दरवाजाला मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून लोखंडी पाइपांचं नागमोडी वळण केलेलं आहे. मोटारसायकली बाजूच्या फुटपाथवरून आरामात आत येतात. अडकते ती सायकल. रिकामी सायकलसुद्धा पुढचं चाक वर उचलून फिरवून घ्यावी लागते. गठ्ठे लादलेली असेल तर सगळे उतरवायचे, एकेक पलीकडे टाकायचा, सायकल न्यायची, परत बांधायचं. आई हे रोज जाता-येता करते. क्लबच्या लोकांना असला त्रास नाही, कारण ते कॉम्प्लेक्सच्या दरवाजाने येतात. बदलापूरकडचे सदस्य तर सायकल गाडीच्या पाठीवर बांधून आणतात, दरवाजाशी गाडी लावतात, सायकल उतरवतात, तीन फेऱ्या मारतात, सायकल परत गाडीवर चढवतात. सायकलचा बहुतेक प्रवास गाडीतून होतो. हेल्मेट, काळा चष्मा, अर्धी बोटं उघडी असलेले हातमोजे. हातमोजे घालून केळं सोलणारा माणूस मी तिथेच पहिल्यांदा पाहिला. आई त्यांना 'चड्डीवाले' म्हणते.

ट्रॅकवर पाटी आहे: पादचाऱ्यांस मनाई. आता सायकल ढकलणारी बाई ही सायकलवाली की पादचारी? हा प्रश्न जगात फक्त आमच्याकडे पडला असेल. तो पडला वॉचमनच्या सुपरवायझरला, आणि त्याने निकाल दिला की सायकलवर बसलेली असेल तरच चालेल. वॉचमन वांगणीकडचा, सज्जन माणूस. तो लांबूनच आईला ओरडून सांगायचा, "मावशी, सुपरवायझर येतोय, वाईच बसल्यावानी करा!"

मग आई एक पाय पेडलवर ठेवायची आणि दुसऱ्या पायाने जमिनीला रेटत, गठ्ठ्यांना मिठी मारून, वाकडीतिकडी पुढे जायची. सुपरवायझर बघायचा. आई म्हणायची, "चालवतेय ना भाऊ. शिकतेय अजून."

"किती वर्षं शिकणार?"

"तुम्ही परमनंट होईपर्यंत."

हे ती घरी येऊन मला सांगायची आणि हसून हसून तिला ठसका लागायचा. मीही हसायचे. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी फटीतून जायचे नाही. चाळीच्या दुसऱ्या टोकाने लांबचा वळसा घालून रिक्षा स्टँडला जायचे, कारण फटीपाशी टॉवरांच्या खिडक्या आहेत आणि बदलापूरच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांची समजूत होती की मी टॉवरमध्ये राहते. मी तसं कधी सांगितलं नव्हतं. 'अंबरनाथ ईस्ट' एवढंच म्हणायचे आणि पुढचं लोकांना करू द्यायचे. माझं इंग्रजी ऐकून ते स्वतःच मला सातव्या मजल्यावर नेऊन ठेवत.

हे मी शाळेत शिकले. दरवर्षी फॉर्म यायचा आणि पाचवीपासून तो मीच भरायचे. आईचा व्यवसाय या रकान्यात मी लिहायचे: गारमेंट बिझनेस. आई विचारायची, काय लिहिलंस? मी सांगायचे, गारमेंट. ती म्हणायची, बरोबर आहे. शाळेने मला नीट इंग्रजी शिकवलं, आणि त्याबरोबर रकाना कसा भरायचा तेही शिकवलं. खोटं लिहायचं नाही. खरं अशा जागी उभं करायचं की ते दिसणार नाही.

आमच्या ऑफिसला मिळालेल्या कामाचं नाव मोठं होतं. त्याचा साधा अर्थ असा, की आजूबाजूच्या वस्त्यांतून ट्रॅकवर येणं सोपं कसं करावं हे सुचवायचं. हे काम सरांना का मिळालं ते सरांनाही माहीत नसावं. हद्द एकाची, जमीन दुसऱ्याची, मंजुरी तिसऱ्याची, आणि मीटिंग भरायची कॉम्प्लेक्सच्या क्लब हाउसमध्ये, कारण तिथे एसी होता. माझं काम म्हणजे मोजणी, टायपिंग आणि मीटिंगचा वृत्तांत. गप्प बसणाऱ्या माणसाला लोक वृत्तांत लिहायला बसवतात. त्यांना वाटतं, हिला काही म्हणायचं नाही.

शुक्रवारी सकाळी सातला मी फटीसमोर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. ऑफिसातले दुसरे दोघे दोन्ही दरवाजांशी होते. कागदावर रकाने आखलेले: वेळ, आत, बाहेर. मोजायच्या फक्त सायकली. माणसं मोजायची नव्हती. मी आदल्या दिवशी सरांना विचारलं होतं, चालत येणारे? सर म्हणाले होते, "सायकल ट्रॅकचा रिपोर्ट आहे ना? मग सायकली." ट्रॅकवर चालायला मनाई असल्यामुळे चालणारी माणसं कागदावर नसणार, आणि कागदावर नसल्यामुळे त्यांना दरवाजा मिळणार नाही. यात कोणाला काही विचित्र वाटलं नाही.

साडेसातपासून बायका यायला लागल्या. टॉवरमध्ये भांडी-लादी करणाऱ्या, पोळ्या करणाऱ्या, म्हातारे सांभाळणाऱ्या. त्यांना शुक्रवारची सुट्टी नसते. दारावरून पाय टाकून, साडी उचलून, एकामागून एक. मला सगळ्या ओळखत होत्या. मी त्यांतल्या काहींच्या मांडीवर वाढले आहे.

"काय गं, इथं काय बसलीस? आई बरी ना?" आमच्या शेजारच्या मावशींनी विचारलं.

"बरी आहे. ऑफिसचं काम आहे. मोजणी."

"कसली?"

"इथून कोण येतं-जातं त्याची."

"अगंबाई! गेट करणारेत वाटतं. मग आम्हाला दोनदा मोज. येताना एक, जाताना एक." त्या हसल्या आणि मागच्या बाईला म्हणाल्या, "चल गं, नाव घालतेय ती आपलं. शिकलेली पोरगी आहे."

मी मान डोलावली. पेन कागदावर टेकवून ठेवलं आणि काहीच लिहिलं नाही. अकरा वाजेपर्यंत त्या फटीतून एकही सायकल आली नाही. माझ्या कागदावर शून्य होतं, खरं आणि स्वच्छ. घरी गेले तर आई उन्हात केस मोकळे सोडून बसली होती. म्हणाली, "आज लवकर? ये, तुझ्यापण डोक्याला लावते." मी बसले. तिच्या डाव्या हाताची बोटं नेहमीसारखी अर्धवट फिरत होती.

त्या मनगटाचं सांगायला हवं. भिंत नवी झाली तेव्हा पहिले काही महिने फट नव्हती. त्या दिवसांत आई मेन रोडने जायची. तो रस्ता पुलावर चढतो. एका बाजूला पाण्याचे टँकर, दुसऱ्या बाजूला कंपन्यांच्या बसेस, मध्ये आई आणि चार गठ्ठे. एका टेम्पोचा आरसा हँडलवरच्या गठ्ठ्यात अडकला आणि त्याने आईला सायकलसकट थोडं अंतर ओढत नेलं. हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही. ती उजव्या हाताने कात्री चालवते म्हणून काम टिकलं. डाव्या हाताने पँट धरते, आणि तिचा अंगठा संध्याकाळपर्यंत सुजतो. फट पडली आणि पूल सुटला. म्हणजे ती फट नकाशावर अनधिकृत असली तरी आमच्या घरात ती आईचा हात होती. हे मला पूर्ण माहीत होतं. तरी मी शुक्रवार म्हणाले होते.

पंधरवड्याने सरांचा नकाशा तयार झाला. फार देखणा होता. भिंतीच्या कडेने त्यांनी बोगनवेल रंगवली होती आणि तिला 'ग्रीन एज' असं नाव दिलं होतं. फटीच्या जागी पट्ट्या परत बसवून गटाराच्या बाजूला काटेरी तार. आणि वस्त्यांना जोडण्यासाठी एक नवा दरवाजा: कॉम्प्लेक्सच्या क्लब हाउससमोर. पहिल्या दरवाजापासून तो इतका जवळ होता की एकात उभं राहून दुसऱ्यातल्या माणसाला चहा विचारता आला असता. "काकांची खूप इच्छा होती," सर म्हणाले, आणि मला पानं क्रमाने लावायला दिली. तक्त्यात माझं शून्य होतं. मी ते ठळक अक्षरांत टाइप केलं होतं, कारण सरांनी सगळे आकडे ठळक करायला सांगितले होते.

बातमी आईला वॉचमनकडून कळली.

"मोजून गेलं म्हणे कोणीतरी," ती भाकरी थापत म्हणाली. "म्हणे इथून सायकल येतच नाही. डोळे फुटले होते काय मेल्यांचे? की मी भूत आहे?"

मी फटीपाशी बसले होते हे शेजारच्या मावशींनी तिला अजून सांगितलेलं दिसत नव्हतं. मी जेवत होते. जेवत राहिले.

"तुमच्या ऑफिसात असलीच कामं असतात ना? विचार की कोणाला."

"आमचं वेगळं असतं," मी म्हणाले.

"बरं," आई म्हणाली. तिने मला दुसरी भाकरी वाढली. माझ्यावर संशय घेणं तिच्या डोक्यात येतच नाही. कोणी माझ्यावर ओरडलं असतं तर मला सोपं गेलं असतं, पण आमच्या घरात ती सोय नाही.

मीटिंगच्या आदल्या दिवशी ती मुद्दाम मेन रोडने गेली. सवय करून घेते म्हणाली. फट अजून उघडी होती, तरी. उशिरा परत आली तेव्हा साडीचा काठ चाकात जाऊन फाटला होता आणि मनगट टम्म फुगलं होतं. दारातच बसली. मी पाणी आणलं.

"चढताना दोघांनी मागून ढकललं, चांगली माणसं होती," ती म्हणाली. "उतारावर मात्र उलटं झालं. सायकल पुढं, मी मागं. मी तिला नाही, तीच मला घेऊन चालली होती! सगळे टेम्पोवाले बघताहेत. एक ओरडला, आंटी, ब्रेक मारो! म्हटलं, ब्रेक असता तर तुझ्याकडं बघितलं असतं काय?"

ती हसायला लागली. मग हसतानाच तिने डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा, आणि म्हणाली, "सेठच्या आईला सांगून आले. म्हटलं, अदी, पुढल्या महिन्यापासून दोनच गठ्ठे द्या. चार नाही जमणार पुलावरून."

मी तिच्या हाताला शेक दिला. त्या वेळी तिला सगळं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मी भित्री आहे हे मला नवीन नव्हतं. मला सायकल क्लबच्या माणसांचा तिटकारा येत होता आणि मी त्यांच्याहून वेगळी नव्हते. त्यांनी निदान शुक्रवार निवडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्लब हाउसमध्ये एसी इतका जोरात होता की बिस्किटं थंड होती. लांब टेबल. एका टोकाला इंजिनीअर साहेब, शेजारी सर, समोर काका आणि कॉम्प्लेक्सच्या कमिटीतल्या एक बाई. मी कोपऱ्यात, वृत्तांताची वही घेऊन. सरांनी नकाशा पडद्यावर दाखवला. बोगनवेलीपाशी सगळ्यांनी 'वा' म्हटलं.

"हे छान केलंत," काका म्हणाले. "त्या बाजूने काय होतं, कोणीही घुसतं. परवा तर एक बाई गठ्ठे घेऊन मधूनच चालली होती. मी घंटी वाजवतोय, वाजवतोय, हटायलाच तयार नाही. मी वॉचमनला म्हटलं, हा सायकल ट्रॅक आहे की धोबीघाट?"

इंजिनीअर साहेब मनापासून हसले.

"पण आमच्या कामवाल्या बाया तिथूनच येतात ना?" कमिटीच्या बाईंनी विचारलं. मला क्षणभर आशा वाटली. "म्हणजे, त्यांना उशीर व्हायला नको. माझी आठला येते. साडेआठ झाले तर माझं सगळं शेड्यूल कोलमडतं."

"येतील की पुलावरून," काका म्हणाले. "मेन गेटला एंट्री होईल, फोटो निघेल. सिक्युरिटीच्या दृष्टीने बरंच आहे. त्यांना चालायची सवय असते."

"हो, तेही आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बिस्कीट घेतलं.

मी हे सगळं लिहीत होते. वृत्तांतात अशी वाक्यं येत नाहीत. त्यात येतं: 'सुरक्षेच्या मुद्द्यावर चर्चा झाली.' मी तेच लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत त्याबद्दल बक्षीस मिळालं होतं.

"काउंट काय म्हणतो?" इंजिनीअर साहेबांनी पानं उलटली. त्यांनी रिपोर्ट पहिल्यांदाच उघडला होता हे पानांच्या कडकडीत आवाजावरून कळत होतं. "हं. मेन गेट, ठीक. रोड साइड, ठीक. हे ओपनिंग... शून्य. मग प्रश्नच नाही. बंद करा. आठ दिवसांत पट्ट्या बसवून देतो." त्यांनी खिशातून पेन काढलं. मग नोकरीत मुरलेल्या माणसाला सही करण्याआधी जबाबदारी दुसऱ्या कोणावर तरी ठेवायची असते, तसं त्यांनी विचारलं, "मोजणी कोणी केली?"

"हिने," सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "स्वतः बसली होती चार तास. लोकल आहे, अंबरनाथ ईस्टचीच."

"अरे वा, आमच्याच कॉम्प्लेक्समधली की काय?" काका कौतुकाने म्हणाले. "कुठल्या विंगला?"

मी वहीचं पान उलटलं. त्यांनाही उत्तर नको होतं. ते माझ्याकडे बघून हसत होते, आपल्यातल्या पोरीकडे बघून हसतात तसं. ते हसू अगदी प्रेमळ होतं. मी इतकी वर्षं ज्यासाठी अंगावरचे निळे दोरे निवडत होते ते हेच हसू होतं. मला ते मिळालं होतं, आणि ते थंड बिस्किटासारखं होतं.

"मग हिला माहीत असणारच," इंजिनीअर साहेब म्हणाले. पेनचं टोपण निघालं होतं. "काय? बरोबर आहे ना शून्य?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण वाट बघितल्यासारखं नाही. लिफ्टचं दार उघडेल म्हणून बघतात तसं. मान हलवली असती तर पुरलं असतं. माझ्यासारख्या मुलीचं अख्खं आयुष्य मान हलवण्यात जाऊ शकतं आणि सगळे तिला शहाणी म्हणतात. साहेबांचं पेन कागदावर टेकलं. मी उभी राहिले. का उभी राहिले माहीत नाही, शाळेत उत्तर देताना उभं राहायची सवय होती म्हणून असेल. वही मांडीवरून खाली पडली. सर म्हणाले, "काय झालं?" माझा आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"शून्य बरोबर आहे, सर. पण शुक्रवार मी मुद्दाम निवडला होता. शुक्रवारी कारखाने बंद असतात. परवा ज्या बाईच्या मागे काका घंटी वाजवत होते ती माझी आई आहे, ती रोज तिथूनच गठ्ठे आणते, आणि ती तुम्हाला कोणाला दिसू नये म्हणून मी शुक्रवार सांगितला."